दाजी घोड्यावर, मी खाली

अधिक महिन्यात जावयाला दुखवू नये म्हणतात. मान्य. पण तो जावई व्हॉलीबॉलचा पहिला पंच आणि त्याचा मेव्हणा दुसरा पंच असला तर काय करायचं, हे कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही.

झालं असं की जुळे सोलापुरातल्या आमच्या पोरांनी भर मे महिन्यात एक दिवसाच्या मॅचेस ठेवल्या, ऊन चढायच्या आत उरकायच्या म्हणून साडेसहाला सुरुवात, आणि सहा वाजता ठरलेल्या पंचांचा फोन की पोट बिघडलंय, येत नाही. दाजी आदल्या रात्रीच धोंड्याच्या जेवणाला बार्शीहून आलेले, ओट्यावर चहा पीत बसलेले. त्यांनी फोन ऐकला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "मी आहे की." आता दाजी 1990 च्या आसपास कॉलेजच्या टीमचे स्मॅशर होते, हे ताईचं लग्न ठरल्यापासून आमच्या घरात मांजराला पण पाठ आहे, त्यामुळे नाही कोण म्हणणार. मी मागच्या वर्षी हौसेने नियमांचं पुस्तक वाचून काढलेलं, म्हणून मला दुसरा पंच केलं.

पहिल्या पंचाची नजर नेटच्या वर साधारण अर्धा मीटर पाहिजे असा नियम आहे. पुरुषांचं नेट 2.43 मीटर, म्हणजे दाजींचे डोळे जमिनीपासून जवळजवळ तीन मीटरवर पाहिजेत. एवढा स्टँड आणायचा कुठून? समोरच्या बिल्डिंगला रंगकाम चालू होतं, तिथनं रंगाऱ्याचा घोडा उचलून आणला. दाजी पांढरी पँट घालून घोड्यावर चढले आणि मागनं एकजण म्हणाला, "बँड तेवढा राहिला की बे." फक्की मारून रेषा आखल्या, लाईनमनला झेंडे म्हणून लाल टॉवेल फाडून काठीला बांधले (सोलापुरात टॉवेलला काय तोटा), आणि एका कोपऱ्यावर शेजारच्या काकांचा बारक्या उभा केला. त्याला मी खुणा शिकवल्या. आत पडला की झेंडा खाली, बाहेर गेला की वर, कुणाच्या हाताला लागून बाहेर गेला तर झेंडा वर धरून त्यावर तळवा, आणि दिसलंच नाही तर दोन्ही हात छातीवर आडवे. बारक्याला शेवटची खूण फार आवडली. दिवसभर त्याने बहुतेक तीच वापरली.

पहिलं भांडण पाचव्या मिनिटाला. सर्व्हिस नेटला घासून पलीकडे गेली, पलीकडच्यांनी व्यवस्थित उचलली, आणि वरून शिट्टी. "नेट सर्व्हिस! चेंज!" मी खालून हळूच म्हणलं, दाजी, ती चालते आता, पंचवीसेक वर्षं झाली. "कुणी सांगितलं?" पुस्तकात आहे. "आमच्या वेळी नव्हतं." शिवाय नुसती चेंज पण नसते दाजी आता, प्रत्येक रॅलीला पॉईंट मिळतो, सर्व्हिस कुणाची का असेना. दाजींनी घोड्यावरून माझ्याकडे असं बघितलं की जणू मी लग्नातलं मानपान आत्ता काढलंय.

मग लिबेरो, म्हणजे टीममधला फक्त मागं राहून बॉल उचलणारा खेळाडू. तो नियमाप्रमाणे वेगळ्या रंगाचा शर्ट घालतो, 1998 पासून आहे हा प्रकार, पण दाजींचं खेळणं त्याच्या आधीच सुटलेलं. "ए, तू कुठल्या टीमचा? बाहेर हो!" पोरगं बिचारं खरंच बाहेर जाऊन उभं राहिलं आणि पाच जणांनी तो पॉईंट खेळला, जिंकला पण.

आता गंमत बघा. नियमांत दुसऱ्या पंचाला शिट्टी आहे, नाही असं नाही. मधल्या रेषेपलीकडे पाय गेला, ब्लॉक करणाऱ्याचा नेट टच झाला, सर्व्हिस घेणाऱ्या टीमचं रोटेशन म्हणजे उभं राहायचा क्रम चुकला, टाईमआऊटचे तीस सेकंद मोजायचे, हे सगळं माझं. पण माझ्या अधिकाराबाहेरचं काही दिसलं तर शिट्टी न वाजवता नुसती खूण करायची आणि पहिल्या पंचाकडे आग्रह धरायचा नाही. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हाच वाटलं, लिहिणाऱ्याला बहीण असणार आणि ती दिलेली असणार.

फायनल एका बाजूला आमची पोरं आणि दुसरीकडं अशोक चौकातली, त्यातली अर्धी घरात तेलुगू बोलणारी. तिसरा सेट, 23-23. साडेदहा वाजलेले, टोपीखाली डोकं भाजलेल्या शेंगेसारखं झालेलं. आमच्या स्मॅशरने दाबून मारला, त्यांच्या ब्लॉकरच्या बोटाला लागून बॉल मागच्या झाडाकडं गेला, म्हणजे पॉईंट आमचा. बोटाला लागलेलं मी दीड हातावरून बघितलं, आवाज पण ऐकला. दाजींनी आऊट दिला. मी छातीजवळ हळूच टचची खूण केली. दाजींनी बघितलंच नाही. मी परत केली. दाजी आकाशाकडं बघायला लागले. दोघांनी बारक्याकडं बघितलं, बारक्याचे हात छातीवर आडवे.

आणि मग माझ्याकडून शिट्टी वाजली. मला आजही वाटतं ती मी नाही वाजवली, उन्हाने वाजवली.

मैदानावर सगळे आत घुसले. इकडून "टच टच", तिकडून "लेदु अण्णा, टच लेदु", तिसरीकडून कुणीतरी कानडीत आपल्याच लिफ्टरला झापतोय. सोलापुरात भांडण तीन भाषांत होतं पण टच आणि आऊट मात्र तिन्हीत एकच, त्यामुळे गैरसमजाला पण जागा राहत नाही. मोठ्या मॅचला व्हिडिओ चॅलेंज असतो म्हणून आम्ही शूटिंग करणाऱ्या पोराचा मोबाईल मागवला, तर त्याने त्या क्षणी कॅमेरा स्वतःच्या तोंडाकडं फिरवलेला. माझ्या मागे एक आजोबा सकाळपासून एकच वाक्य म्हणत होते, "पंचाला डोळं हैत का बटणं," आणि त्यांनी कुठला पंच हे शेवटपर्यंत सांगितलं नाही.

दाजी घोड्यावरूनच म्हणाले, "पहिला पंच कोण हाय?"

मी म्हणलं, तुम्ही.

"मग?"

मगचं उत्तर पुस्तकात पण तेच आहे, पहिल्या पंचाचा निर्णय शेवटचा. 23-24 झालं, पुढचा पॉईंट आमच्या पोराने सर्व्हिस उचलताना शेजारच्या अंगणात घालवला, संपलं. ट्रॉफी अशोक चौकात. आमच्या पोरांनी मला लिंबू सरबत विचारलं नाही, दाजींना दोन ग्लास दिले, कारण पाहुणे.

घरी आई ताट घेऊन तयार. दाजी पाटावर, समोर दिवे, 33 अनारसे, धोंडे, वर तूप. मी शेंगाचटणी वाढत होतो. बातमी माझ्या आधी घरी पोचलेली, ताईने दोघांकडं आळीपाळीने बघत विचारलं, "मैदानावर भांडलात म्हणे. चुकलं कोण, तू का हे?" आईने तुपाची वाटी हातात तशीच धरली. दाजींनी घास थांबवला.

मी चटणीची वाटी खाली ठेवली आणि दोन्ही हात छातीवर आडवे घेतले.

दाजी म्हणाले, "खुणा मात्र बरोबर करतो हां."