मतदान झालं म्हणजे सुटका झाली, असं नाही

‘बहुमताने ठराव केला की मंडळी संप्रदायातून बाहेर पडायला मोकळी’ हे ख्रिस्ती मंडळ्यांनी (म्हणजे स्थानिक चर्चनी) आपला संप्रदाय सोडण्यावरच्या लेखातलं वाक्य खटकलं. अमेरिकेतल्या पीसीयूएसए या प्रेसबिटेरियन (प्रोटेस्टंट) संप्रदायात तरी तसं नाही. मंडळीला सोडण्याचा अधिकार प्रेसबिटरीचा, म्हणजे त्या भागातल्या पाळकांच्या (पाद्र्यांच्या) आणि मंडळ्यांनी निवडलेल्या वडीलधाऱ्यांच्या सभेचा. आणि देवळाची इमारत? कागदावर नाव स्थानिक मंडळीचं असलं तरी संप्रदायाच्या घटनेनुसार ती विश्वस्त म्हणून सांभाळायची, संपूर्ण संप्रदायासाठी. डॅलसच्या हायलँड पार्क मंडळीने 2013 मध्ये प्रचंड बहुमताने बाहेर पडायचं ठरवलं, तरी मालमत्तेचा वाद कोर्टात गेलाच. शेवटी 78 लाख डॉलर मोजून तडजोड झाली. याला मोकळं होणं म्हणायचं?

मी मिरजेचा. वानलेस दवाखान्यामुळे ‘अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशन’ हे शब्द लहानपणापासून कानावर. इथे टेक्सासमध्ये आल्यावर त्याच घरात आलो असं वाटलं होतं. आमच्या मंडळीतही बाहेर पडण्याचा विषय निघाला तेव्हा त्यामागचं कारण म्हणून समलिंगी विवाहावर चर्चा होईल या अपेक्षेने मी सभेला गेलो. दोन तासांतला दीड तास वकिलाची फी, छताचं कर्ज आणि पाळकांची पेन्शन यातच गेला. मागच्या बाकावरच्या एका आजींनी फक्त एवढंच विचारलं, ‘माझ्या नवऱ्याच्या अस्थी आवारातल्या भिंतीत आहेत, त्या कोणाकडे जाणार?’ वकीलसाहेब कागद चाळत राहिले. अजून मतदान झालेलं नाही.