केटलबेल, कंबर आणि एक चुकीचा इशारा

सध्या गोव्यातील मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर व्यायामाविषयीचा एक संदेश फिरत आहे. त्याचा आशय असा, की केटलबेलच्या, म्हणजे वर मूठ असलेल्या लोखंडी गोळ्याच्या, स्विंगमुळे (तो दोन्ही हातांनी पायांमधून मागे नेऊन पुढे झुलवण्यामुळे) कण्यातील चकती सरकते. चाळिशीनंतर कोणीही आणि स्त्रियांनी तर कोणत्याही वयात हे साधन हाती धरू नये. धरायचेच असेल तर दोन किलोचे घेऊन शंभर वेळा फिरवावे. आणि मुळात हे परदेशी खूळ आहे. फोंड्यात मी गेली काही वर्षे केटलबेलने व्यायाम करतो आणि शेजारच्या काही जणांना शिकवतोही. त्यांतील दोघींनी हा संदेश वाचून व्यायाम थांबवला, म्हणून त्याचे उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला दावा सर्वांत गंभीर आहे. स्विंगने कंबर दुखू शकते, हे खरे आहे. मला ज्या व्यायामशाळेत प्रथम हा प्रकार दाखवला गेला, तेथे बैठक मारून उठताना हातांनी वजन वर ओढायला सांगितले होते, आणि आठवडाभर माझी कंबर धरली होती. दोष मात्र वजनाचा नव्हता. स्विंगमध्ये वाकायचे ते खुब्यातून, म्हणजे पाठ सरळ ठेवून, गुडघे किंचित सैल सोडून, नितंब मागे ढकलत. आणि वजन पुढे जाते ते नितंबांच्या व मांडीच्या मागच्या स्नायूंच्या झटक्याने. हात केवळ दोरासारखे असतात. वजन छातीच्या उंचीवर गेले की पुरे. त्यावर नेण्याच्या हट्टात कंबर मागे कलते आणि दुखणे तेथेच सुरू होते. कॅनडातील कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १६ किलोच्या स्विंगमध्ये कमरेवर येणारा भार मोजला, तेव्हा मणक्यांना एकमेकांवरून सरकवू पाहणाऱ्या ताणाची दिशा नेहमीच्या वजन उचलण्याच्या उलट असल्याचे आढळले. अनेकांना स्विंगमुळे कमरेला आराम का वाटतो आणि थोड्यांना स्विंगच का खुपतो, याचा अंदाज त्यावरून येतो, असे त्यांनी नोंदवले. डेन्मार्कमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४० जणांपैकी एका गटाला आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, २० मिनिटे केटलबेलचा व्यायाम दिला गेला. त्या गटातील मान, खांदे आणि कंबर यांचे दुखणे कमी झाले. दमसास मात्र त्या चाचणीत वाढला नाही, हेही सांगितले पाहिजे. एवढ्या लहान चाचणीवरून केटलबेल हे कंबरदुखीवरचे औषध ठरत नाही. पण ‘चकती सरकतेच’ हे विधान तिच्यापुढे टिकत नाही.

म्हणून शिकण्याचा क्रम महत्त्वाचा ठरतो. भिंतीकडे पाठ करून एक पाऊलभर अंतरावर उभे राहावे आणि गुडघे फारसे न वाकवता नितंब भिंतीला टेकवावे. हे सहज जमले की जमिनीवरचे केटलबेल दोन्ही हातांनी सावकाश उचलून ठेवावे. दोन-तीन आठवडे एवढेच केले तरी वेळ वाया जात नाही. त्यानंतर दहा-दहा स्विंगचे चार-पाच फेरे, मध्ये श्वास स्थिरावेपर्यंत विश्रांती, आणि आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, एवढे पुरे.

स्त्रियांविषयीचा दावा वाचून मला खरोखर वाईट वाटले. घरगुती गॅसच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि टाकीसह त्याचे वजन तीस किलोच्या आसपास भरते. तो स्वयंपाकघरात सरकवणाऱ्या, कलंडवून जागेवर बसवणाऱ्या बाईला आठ किलोचे केटलबेल वर्ज्य कसे? रजोनिवृत्तीनंतर हाडांची घनता वेगाने घटते आणि वयाबरोबर स्नायूही झिजतात, त्यामुळे ताकदीच्या व्यायामाची गरज चाळिशीनंतर वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात सर्व प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सुचवला आहे, आणि पासष्टीच्या पुढच्यांना त्यातून वगळलेले नाही.

दोन किलोचा सल्ला सौम्य वाटतो, पण तो उलट काम करतो. इतके हलके वजन हातानेच उचलले जाते, खुब्यातून झटका देण्याची गरजच भासत नाही, आणि मूळ चूक अंगवळणी पडते. स्विंगसाठी बहुतेक स्त्रियांनी आठ ते बारा आणि पुरुषांनी बारा ते सोळा किलोपासून आरंभ करावा. डोक्यावर उचलण्यासाठी मात्र त्याहून हलके घ्यावे.

परदेशी असण्याबद्दल इतकेच, की हे साधन रशियातून आले आणि सोळा, चोवीस, बत्तीस ही त्याची मापे तेथील पूद या जुन्या वजनावरून, म्हणजे सुमारे १६.४ किलोवरून, आली आहेत. आपल्या तालमीतील मुद्गल (फिरवायचे लाकडी वजन) आणि नाल (मूठ असलेले दगडी वजन) याच जातीचे आहेत.

आपल्याकडे खरा धोका हवेचा आहे, आणि संदेशात त्याचा उल्लेखही नाही. एप्रिल-मे महिन्यांत तळहात घामाने निसटतात, पावसाळ्यात फरशी ओलसर राहते. घामाने भिजलेल्या हातातून सुटलेले केटलबेल समोरच्या माणसावर जाते, म्हणून पुढची जागा मोकळी ठेवावी, प्रत्येक फेऱ्यानंतर मूठ पुसावी आणि पकड ढिली होण्याआधीच थांबावे. पायांत सपाट तळाची वहाण घालावी किंवा अनवाणी उभे राहावे.

संदेशातील भीती काही जणांच्या बाबतीत योग्य आहे. पायात उतरणारी कळ, अलीकडची शस्त्रक्रिया, अंतर्गळ, नियंत्रणात नसलेला रक्तदाब किंवा हाडांची निदान झालेली ठिसूळता असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. श्वास कोंडून जोर लावल्याने रक्तदाब एकदम चढतो, म्हणून वजन वर जाताना श्वास सोडायचा, हे मी पहिल्याच दिवशी शिकवतो. त्या दोघींपैकी एकीचा रक्तदाब गोळ्यांनी ताब्यात आहे. तिच्या डॉक्टरांनी परवानगी दिली, तर आम्ही पुन्हा भिंतीपासून सुरुवात करणार आहोत.