‘लोककथेला मालक नसतो’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

कळव्यात बालवाचनालय चालवणाऱ्या आमच्या वहिनींनी ठाण्याजवळच्या येऊरच्या पाड्यावरच्या एका वारली आजींकडून वाघोबाची गोष्ट फोनवर रेकॉर्ड केली. एका प्रकाशकाला ती मुलांच्या पुस्तकासाठी हवी आहे. काल वहिनींनी सगळीकडे फिरणारा एक मेसेज मला पाठवला. त्याचं म्हणणं असं : लोककथेला मालक नसतो, परवानगी नि मानधन ही नवी थेरं आहेत, आदिवासींत लिहिणारे नाहीत, आपण छापलं नाही तर गोष्टी मरतील, आणि मुलांसाठी थोडं बदललं तर बिघडतं काय? खाली वहिनींचा प्रश्न : ‘भावोजी, म्हणजे आता आजींना विचारायला नको ना?’

विचारायला हवं, वहिनी.

आधी ते ‘थोडं बदललं तर’. प्रकाशकाला शेवटी धीट मुलाने वाघ मारायला हवा आहे. अहो, येऊरच्या जंगलात आजही बिबटे आहेत आणि पाडे त्यांच्या शेजारीच आहेत. वाघोबा तिथला देव आहे, वाघबारसेला त्याची पूजा होते. आजींच्या गोष्टीत गाव आणि वाघ यांची बोली ठरते : गावाने वर्षातून एकदा त्याचा मान करायचा, त्याने माणसं-गुरं राखायची. रेकॉर्डिंगमध्ये ही बोली सांगताना आजींचा आवाज एकदम हळू होतो. तीच काढून वाघ मारलात, तर गोष्टीत राहिलं काय? उद्या पाड्यावरचं पोर ‘वारली लोककथा’ म्हणून आपलाच देव मेलेला वाचणार. याला थोडं म्हणतात?

मालक नसतो हे अर्धं खरं, नाइलाजाने मान्य. १९५७चा कॉपीराइट कायदा पिढ्यान् पिढ्या सांगत आलेल्या कथेला संरक्षण देत नाही. पण त्याच कायद्याचं ३८वं कलम वाचा. कला सादर करणाऱ्याला ५० वर्षं हक्क आहे. त्या व्याख्येत गायक आहे, नट आहे, गारुडीसुद्धा आहे, आणि सादरीकरण करणारी इतर कोणतीही व्यक्ती आहे. पुस्तकात क्यूआर कोड देऊन आजींचा आवाज ऐकवायचं प्रकाशकाच्या मनात आहे ना? मग आजींची संमती लागणारच. थेरं कसली?

लिहिणारे नाहीत म्हणे! वाहरू सोनवणे, भुजंग मेश्राम, उषाकिरण आत्राम हे आदिवासी कवी-कवयित्री कोण मग?

छापल्याने काही गोष्टी टिकल्या, हेही खरं. पण सांगणारीचं नाव गाळायला त्याने मुभा मिळत नाही.

रविवारी आपण दोघं येऊरला जाऊ. मजकूर आजींना वाचून दाखवू. शेवट त्यांना पटला, नाव कसं छापायचं ते त्यांनी सांगितलं आणि मानधन ठरलं, की मगच प्रकाशकाला फाइल पाठवा.