घाम येतो, मग गारवा का नाही? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

काका, नमस्कार.

‘घामामुळे शरीर थंड राहतं’ हे माझ्या लेखातलं वाक्य तुम्हाला पुस्तकी वाटलं. तुमचं म्हणणं असं, की गुहागरात मे महिन्यात बनियन पिळून काढावं इतका घाम येतो, तरी उकाडा तसाच. तेव्हा घाम म्हणजे रक्तातली घाण बाहेर पडणं, आणि मुलांना तेच शिकवावं. पहिली गोष्ट शंभर टक्के खरी. दुसरी मात्र मी शिकवणार नाही.

लेखातलं त्यापुढचंच वाक्य होतं: गारवा घाम येण्यात नाही, वाळण्यात आहे. त्वचेवरचं एक ग्रॅम पाणी वाफ होऊन उडतं तेव्हा सुमारे २,४०० ज्यूल उष्णता घेऊन जातं. हनुवटीवरून टपकलेला थेंब जवळजवळ काहीच नेत नाही. चिरेखाणीत राबणाऱ्या माणसाच्या अंगात सहज ४०० वॅट उष्णता तयार होते. ती सगळी घामावाटे जायची तर तासाला ६०० ग्रॅम घाम उडायला हवा. आपल्याकडे तोच उडत नाही, कारण हवेत आधीच बाष्प गच्च भरलेलं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला एवढंच कळतं की अंग अजून तापलेलं आहे. तो ग्रंथींना आणखी घाम सोडायला लावतो. तुमचं बनियन भिजतं ते त्यामुळे. म्हणजे तुमचा अनुभव माझ्या बाजूनेच साक्ष देतोय!

शाळेत मी हे थर्मामीटरवर दाखवते. पाऱ्याच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळायचं, पंख्यापुढे धरायचं आणि पारा कुठे थांबतो ते बघायचं. सोलापुरात हवा ४१ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर तो साधारण २३ वर येतो. आपल्याकडे ३३ अंश आणि ७५ टक्के असताना २९ च्या आसपासच अडतो. घाटावरचे पाहुणे ‘इथं ऊन कमी’ म्हणत येतात आणि दुपारी वारा पडला की पडवीत लादीवर आडवे होतात, ते उगाच नाही. (सोलापूरचं ऊन बाधत नाही असं मात्र समजू नका. तिथे घाम दिसायच्या आत सुकतो, आणि अंगातलं पाणी किती गेलं तेच कळत नाही.)

आता घाणीचं. घामात ९९ टक्के पाणी, उरलेलं मुख्यतः मीठ, किंचित युरिया. रक्त गाळणं हे मूत्रपिंडांचं काम. ती दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं रक्तात परत घेतात. घामाने हे भागलं असतं तर कोकणात कुणाला डायलिसिस लागलंच नसतं. ही समजूत मला खटकते ती एवढ्यासाठी, की तिच्यापायी तापाने फणफणलेल्या पोराला ‘घाम काढायला’ दोन गोधड्यांत गुंडाळतात.

राहिला पेजेचा प्रश्न. लेखात मी भाताची पेज मीठ घालून प्यायला सांगितली होती, त्यावर तुम्ही विचारलंत: ‘मीठ घालून प्या म्हणता, मग बीपीवाल्यांनी काय करायचं?’ हा रास्त आहे. लहान आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेतले जातात आणि पाणी त्यांच्या मागोमाग जातं. पेजेतला स्टार्च पचून ग्लुकोजच होतो. याच तत्त्वावर १९७१ मध्ये डॉ. दिलीप महालनबीस यांनी पश्चिम बंगालमधल्या बनगावला, बांगलादेश युद्धामुळे आलेल्या निर्वासितांमधले कॉलऱ्याचे रुग्ण मीठ-साखरेच्या पाण्यावर वाचवले. पण माझा सल्ला उन्हात राबणाऱ्यांसाठी होता. पंख्याखाली बसणाऱ्याला साधं पाणी पुरतं, आणि रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मीठ किती, ते डॉक्टरांनाच विचारा.