दिल्ली-काठमांडू म्हणे "फक्त एक तास"!

पशुपतिनाथ यात्रेचा तो मेसेज आता आमच्या मावशीपर्यंत पोचलाय, आणि ती बुकिंग करायला बसलीये म्हणून लिहितोय. मेसेज असा: दिल्ली-काठमांडू 500 किमी, एक तासाची फ्लाइट, डोमेस्टिकसारखंच सगळं, आधार कार्ड दाखवा, तासभर आधी पोचा, आणि पृथ्वी फिरते म्हणून परत येताना वीस मिनिटं वाचतात.

500 किमी नाही, सरळ रेषेत सुद्धा 800 च्या वर आहे, मॅपवर मोजून बघा. तिकिटावर दीड ते दोन तास लिहिलेले असतात आणि ते उगाच नसतात. काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळाला धावपट्टी एकच, चारी बाजूंनी डोंगर, थंडीत सकाळी धुकं, त्यामुळे वर घिरट्या घालत थांबणं तिथे नेहमीचं.

आता पृथ्वीचं. अहो हवा पण पृथ्वीबरोबरच फिरते! नाहीतर पुण्यात हेलिकॉप्टर वर नुसतं उभं केलं असतं आणि सव्वा तासात खाली ओमान आलं असतं, तिकीट कशाला काढायचं मग. खरी गंमत घड्याळाची आहे. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा 15 मिनिटं पुढे, 1986 पासून. समजा दिल्लीहून 10 ला निघालात आणि 1 तास 40 मिनिटं उडालात, तर तिथे वाजलेले असतात 11:55, म्हणजे बघणाऱ्याला 1 तास 55 मिनिटं दिसतात. येताना दुपारी 1 ला निघून 1 तास 50 मिनिटं उडालात तर दिल्लीत 2:35, म्हणजे बघणाऱ्याला वाटतं 1 तास 35 मिनिटांतच आलो! उडालात दहा मिनिटं जास्त आणि ग्रुपवर टाकताय वीस वाचली. आणि हिवाळ्यात वरचे जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणजे येताना ते तोंडावरच, वेळ वाचणार कुठून?

आधारचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. व्हिसा लागत नाही हे खरंय. आणि आधार चालतं हे पण, नाइलाजाने सांगतो, अर्धं खरंय: गृह मंत्रालयाने 2019 मध्ये स्पष्ट केलं की नेपाळ-भूतानला 15 च्या खालच्या आणि 65 च्या वरच्या भारतीयांना आधार चालेल. बाकीच्यांनी पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र न्यायचं. आमचे काका 68 चे, मावशी 61 ची. म्हणजे मेसेजवर विसंबले तर काका विमानात आणि मावशी काउंटरवर भांडत!

तासभर आधी पोचा तर कहरच. आंतरराष्ट्रीय फ्लाइटचं चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंदच होतं, पुढे इमिग्रेशनची रांग वेगळी. तीन तास धरा.

हां, जाताना डावीकडची खिडकी घ्या, हिमालय दिसतो, असंही त्यात लिहिलंय, ते बरोबर आहे, आकाश मोकळं असेल तर.

मावशी, तू पुण्याहून 9 ला दिल्लीत उतरून 10:15 ची काठमांडू पकडणारेस ना, ती पण वेगळ्या तिकिटावर? बॅग परत घ्यायची, परत चेक-इन करायचं, कदाचित टर्मिनलही बदलायचं. ते बुकिंग आधी थांबव, दुपारची फ्लाइट बघ आणि मतदार कार्ड कपाटातून काढून ठेव.