टेडीला किल्पेकच्या चर्चला न्या

शाळेच्या वर्गातला टेडी, म्हणजे खेळण्यातलं अस्वल, वीकेंडला आळीपाळीने मुलांच्या घरी जातो आणि बहुतेक पालक त्याला थीम पार्कलाच नेतात, असं एका लेखात वाचलं, ते अगदी खरंय. आम्ही लेकीच्या वर्गातला टेडी इंग्लंडच्या हेरफर्डशरमधल्या किल्पेकच्या चर्चला नेला होता. एवढंसं गाव, लाल वालुकाश्माचं चर्च, साधारण ११४० च्या आसपासचं. छपराच्या खाली बाहेरून सगळीकडे कोरीव दगडी मुंडकी आहेत, अजून ८० च्या वर शिल्लक, त्यात एक कुत्रा आणि ससा असे शेजारी शेजारी बसलेत की कार्टूनमधलेच वाटावेत, लेक टेडीला वर धरून धरून एकेक दाखवत होती आणि टेडीसोबत येणाऱ्या वहीत पहिलं चित्र तिने त्या दोघांचंच काढलं. दक्षिणेकडच्या दारावरचं कोरीवकाम तर अगदी डोळ्यासमोर, एवढ्या वर्षांच्या ऊनपावसातही किती ठसठशीत राहिलंय! मागेच जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत, मुलांना पळायला मोकळी जागा. फक्त टेडीचे फोटो बाहेर दारापाशी काढा, आत वेदीवर बसवून नको प्लीज, तिथे आजही प्रार्थना होते.