न्यूरेंबर्गच्या एकदिवसीय फेरीबद्दल आपण लिहिलेल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी आपण उभयतांनी आमच्याबरोबर न्यूरेंबर्ग पाहिले आणि पुण्यास परतल्यावर दोन तारे देऊन सविस्तर अभिप्राय लिहिला. सौ. वहिनींचा गुडघा दुखावला, शाकाहारी म्हणून दिलेले सूप शाकाहारी नव्हते, दुकाने बंद होती, बाहुल्यांच्या घड्याळासाठी आणि एका गेंड्याच्या चित्रासाठी वेळ वाया गेला, आणि ज्याला आम्ही जुने शहर म्हणतो ते युद्धानंतर बांधलेले असल्याने ही सरळसरळ फसवणूक आहे, असे आपले म्हणणे आहे. यातले काही मला पूर्णपणे मान्य आहे, काही मुळीच मान्य नाही. आपण जाहीरपणे लिहिले आहे, म्हणून मीही उत्तर जाहीरपणेच देत आहे.

गुडघ्याची गोष्ट आधी, कारण तिथे चूक निःसंशय आमची आहे. आमच्या माहितीपत्रकात ‘निवांत पायी फेरी’ असे शब्द होते आणि सात किलोमीटर चालण्याला, तेही फरसबंदीच्या रस्त्यांवरून, निवांत म्हणणे चुकीचेच होते. भरीस भर म्हणजे त्या सकाळी लोरेन्त्स चर्चमध्ये उपासना चालू असल्याने आत जाता आले नाही. त्यामुळे जेवणानंतर गाइडने आपल्याला पेग्नित्स नदी ओलांडून पुन्हा मागे आणले, आणि तिथून परत उत्तरेकडे वळून कायझरबुर्ग या गडाचा चढ चढवला. वहिनी थकल्या आहेत हे त्यांना दिसत होते, तरी ठरलेला कार्यक्रम पूर्ण करण्याच्या भरात त्यांनी तो आटोपता घेतला नाही. सिंहगड चढणाऱ्या पुणेकरांना हा चढ किरकोळ वाटेल, हे आम्ही परस्पर गृहीत धरले. आपल्याला साधे विचारलेसुद्धा नाही. आता आम्ही पाहुण्यांना सकाळीच चार क्रमांकाच्या ट्रामने टिअरगेर्टनर वेशीपाशी नेतो, गड सर्वांत आधी पाहतो आणि उरलेला दिवस उताराने खाली येतो. गडाच्या चौकापर्यंत थोडा चढ तरीही उरतोच आणि तो टाळता येत नाही, हे माहितीपत्रकात आता स्पष्ट लिहिले आहे.

सुपाबद्दल बोलायला मला लाज वाटते. गाइडने वाढणाऱ्यांना ‘यात मांसाचे तुकडे आहेत का’ असे विचारले, त्यांनी ‘नाही’ म्हटले आणि ते उत्तर खरेही होते. पण बटाट्याचे ते सूप मांसाच्या अर्कात शिजवलेले होते. या भागात बटाट्याच्या सुपात अर्क किंवा धुरावलेले डुकराचे मांस असणे काही नवलाचे नाही, त्यामुळे इतकी वर्षे इथे राहणाऱ्या माणसाने प्रश्न नेमका विचारायला हवा होता. ज्यांनी आयुष्यात मांसाला हात लावलेला नाही त्यांच्या पोटात आमच्या निष्काळजीपणामुळे ते गेले, याची भरपाई पैशाने होत नाही. मी आपणा दोघांची मनापासून क्षमा मागतो.

दुकानांचे सांगायचे तर जर्मनीत रविवारी बहुतेक दुकाने कायद्यानेच बंद असतात आणि त्यावर आमचा इलाज नाही. मात्र आपण तारीख ठरवलीत तेव्हाच हे सांगायला हवे होते. स्टेशनातली काही दुकाने रविवारीही उघडी असतात, आणि तिथून आपण इथला प्रसिद्ध लेबकूखन केक घेतला असे ऐकले. त्यात बहुधा अंडे असते, तेव्हा घरी वाटण्याआधी वेष्टनावरचा मजकूर कृपया वाचून घ्यावा.

आता फसवणुकीच्या आरोपाकडे येतो. हे शहर नव्याने बांधलेले आहे ही गोष्ट आपल्याला कळली, ती आमच्याच गाइडकडून, हाउप्टमार्क्ट चौकात उभे राहून. २ जानेवारी १९४५ रोजी संध्याकाळी ब्रिटिश विमानदलाने बॉम्बफेक केली, तीत सुमारे १,८०० माणसे मेली आणि तटाच्या आतल्या जुन्या शहराचा जवळजवळ ९० टक्के भाग उद्ध्वस्त झाला. हे लपवायचे असते तर आम्हाला ते सहज जमले असते, कारण दुरून पाहणाऱ्याला तट, बुरूज आणि उतरती छपरे अस्सलच वाटतात. पण युद्धानंतर इथल्या लोकांनी गल्ल्यांच्या जुन्या रेषा, घरांची उंची आणि छपरांचा उतार बऱ्याच अंशी राखला. तरी घरे मात्र साध्या, नव्या घाटाचीच बांधली आणि त्यांना खोटा जुनेपणा चिकटवला नाही. मला तरी हा प्रामाणिकपणा वाटतो. चौकातल्या ज्या सुंदर कारंज्याची कडी फिरवून आपण छायाचित्र काढून घेतले, ते तर युद्धाच्याही आधीचे, विसाव्या शतकाच्या आरंभीचे प्रतिरूप आहे आणि चौदाव्या शतकातल्या मूळ मूर्तींचे अवशेष संग्रहालयात आहेत, हेही आपल्याला सांगितले होते.

शिवाय त्या दिवशी आपण जे पाहिले त्यात अस्सल जुने थोडेथोडके नव्हते. वाइसगेर्बरगासे या चर्मकारांच्या गल्लीतली लाकडी चौकटींची घरे बॉम्बफेकीतून वाचलेली आहेत. लोरेन्त्स चर्चच्या कमानी कोसळल्या, पण मधोमध टांगलेले फाइट श्टोस यांचे १५१७-१८ मधले लाकडी शिल्प वाचले, कारण ते आधीच उतरवून गडाखालच्या खडकात, जिथे एके काळी बियरची पिंपे ठेवत त्या तळघरात, सुरक्षित ठेवले होते. त्याच चर्चमध्ये आडाम क्राफ्ट यांनी १४९३ ते १४९६ या काळात घडवलेला सुमारे वीस मीटर उंचीचा दगडी मनोरा आहे. त्याच्याभोवती युद्धात भिंत बांधली होती, तरी वरचा भाग मोडलाच आणि पुढे दुरुस्त करावा लागला. मनोऱ्याच्या तळाशी हातोडा आणि छिन्नी घेऊन गुडघ्यावर बसलेला, सगळा भार जणू पाठीवर पेलणारा जो दाढीवाला माणूस आहे, तो स्वतः क्राफ्ट. त्याच्यासमोर वाकून त्याची बोटे न्याहाळताना वहिनी बराच वेळ थांबल्या होत्या, असे गाइडने मला सांगितले.

घड्याळासाठी पाऊण तास उभे केले, ही तक्रार निम्मी खरी आहे. हाउप्टमार्क्ट चौकातल्या फ्राउएनकिर्खे चर्चवरच्या, १५०९ मध्ये पूर्ण झालेल्या त्या घड्याळातल्या, सम्राट निवडण्याचा अधिकार असलेल्या सात मानकऱ्यांच्या बाहुल्या सम्राट चौथ्या चार्ल्सभोवती रोज दुपारी बारालाच फिरतात, १३५६ च्या सम्राट-निवडीच्या फर्मानाची ती आठवण आहे, आणि पुढे जागा मिळवायची तर लवकर पोचावे लागते; पण त्यासाठी वीस मिनिटे पुरतात. उरलेला वेळ गाइडने ते चर्च ज्या जागेवर उभे आहे तिथल्या, १३४९ मध्ये ज्यूंची कत्तल करून पाडलेल्या सिनेगॉगबद्दल सांगण्यात घालवला. सहलीच्या दिवशी असले ऐकणे जड जाते हे मी समजू शकतो, पण तो भाग आम्ही गाळणार नाही.

गेंड्याची गोष्टही आम्ही गाळत नाही, विशेषतः मराठी पाहुणे असतील तेव्हा. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशहा याने पोर्तुगीजांना दिलेला तो गेंडा गोव्याहून जहाजाने निघाला आणि मे १५१५ मध्ये लिस्बनला उतरला. त्याचे वर्णन आणि रेखाटन न्यूरेंबर्गपर्यंत आले आणि इथलेच चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर यांनी तो प्राणी डोळ्यांनी न पाहता त्याचे काष्ठछापाचे चित्र केले. त्यात कातडीच्या जागी चिलखताच्या पट्ट्या आहेत आणि पाठीवर एक जादा शिंगही आहे! १५०९ पासून १५२८ मध्ये निधन होईपर्यंत ड्यूरर ज्या घरात राहिले, त्याच घरात उभे राहून ही गोष्ट ऐकण्यात मला तरी वेळ वाया गेलेला दिसत नाही. मात्र त्या वेळी बसायला जागा शोधून द्यायला हवी होती, हे मान्य.

गडावरच्या खोल विहिरीचा उल्लेख आपल्या अभिप्रायात नाही. सुमारे पन्नास मीटर खोल त्या विहिरीत पाणी ओतल्यावर वहिनींनी बोटांवर अंक मोजले आणि तळातून आवाज येताच आपल्याकडे वळून हसल्या, असे गाइडने त्या दिवसाच्या टिपणात लिहिले आहे. गुडघा दुखत असतानाचीच ही घटना आहे, म्हणून ती तक्रारीच्या विरुद्ध पुरावा म्हणून मी मांडत नाही.

जेवणाचे पूर्ण पैसे आणि फेरीच्या शुल्काची निम्मी रक्कम, ज्या कार्डावरून आपण पैसे भरले होते त्याच कार्डावर काल परत पाठवली आहे. आठवड्याभरात जमा झाली नाही तर आरक्षणाच्या पत्रावरील क्रमांकावर कळवावे, आणि वहिनींच्या गुडघ्याची तब्येत आता कशी आहे, तेही.

आपला नम्र,
फेरीचा संचालक